फाइल माझ्याकडे आलीच नाही

या, बसा. आधी एक सांगा: तुम्ही विश्वास कोणावर ठेवता? आपल्या माणसावर, की आपल्या डोक्यावर? घाई नाही, सावकाश सांगा. मी ज्यांच्याकडे वाढलो त्यांनाही हा प्रश्न एकदा पडला होता. त्यांनी उत्तर दिलं, आणि त्या उत्तरानेच त्यांचा घास घेतला.

मी डाउनलोड्स फोल्डर बोलतोय. होय, तोच. तुमच्या कॉम्प्युटरमध्येही माझा एक भाऊ बसलेला असतो. त्याच्या पोटात तुम्ही काय काय कोंबून ठेवलंय ते मी विचारणार नाही. दुसऱ्याच्या घरातलं उकरून काढायची मला सवय नाही. मी आपला एका काचेच्या दुकानातला. जन्मापासून गिऱ्हाइकांची घासाघीस कानावर पडली, त्यामुळे जीभही दुकानदाराची झाली. चालवून घ्या.

कॉम्प्युटर दुकानात आला तेव्हाच मीही आलो. मला कोणी मागवलं नव्हतं, कोणी निवडलं नव्हतं. ब्राउझर बसवला आणि त्याने विचारलंसुद्धा नाही. बाहेरून येईल ते थेट माझ्या अंगणात आणून टाकायला लागला. ब्राउझर म्हणजे आमचा हमाल हो. ओझं उचलायचं, सांगितलेल्या जागी टाकायचं आणि पुढच्या खेपेला पळायचं. सांगितलेली जागा कोणती, ती कोणी सांगितली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याला एक चांगली सवय लावता येते, दरवेळी थांबून "कुठे ठेवू?" असं विचारायची. सेटिंग्जमध्ये एक बटण असतं तेवढं. पण हमालाने प्रश्न विचारलेला माणसांना खपत नाही. "टाक रे तिकडेच," म्हणतात.

तर 'तिकडे' म्हणजे मी.

माणसांची गंमत मी जवळून पाहिली आहे. एकच कागद चारदा उतरवून घेतील आणि चारही वेळा म्हणतील, "आलंच नाही." 'फायनल' नावाच्या फाइलनंतर 'नवीन फायनल' येते, तिच्यानंतर 'खरंच फायनल', आणि काम मात्र पहिल्याच फाइलवरून झालेलं असतं. एकदा चिकटपट्टी विकणारा एक एजंट आला, "जरा मेल बघू का?" म्हणाला आणि स्वतःच्या नोकरीचा राजीनामा माझ्याकडे उतरवून, छापून घेऊन गेला. फाइल इथेच राहिली. पुढे कितीतरी दिवस तो त्याच कंपनीची चिकटपट्टी विकायला येत होता. मी आपला गप्प. माझ्याकडे आलेलं कोणी मागितल्याशिवाय मी दाखवत नाही, आणि न आलेलं तर दाखवूच शकत नाही. माझ्या गोष्टीतलं सगळं दुखणं या शेवटच्या वाक्यात आहे.

दुकान दोघा भावांचं. थोरले आणि धाकटा. थोरल्यांना सगळं गाव 'दादा' म्हणायचं. नजर अशी, की दारातून आत आलेल्या आरशाकडे बघून रुंदी सांगायचे आणि मग टेप लावायचे, ते केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. काच कापणारा कारागीर होता, त्याला सगळे काप्या म्हणायचे. तो म्हणायचा, "दादांची नजर चुकली तर समजा टेप आखडलाय."

धाकटाही कामाचा होता, खोटं कशाला बोलू. फोनवर गोड, हिशेबात चोख, कपडे कडक इस्त्रीचे. पण फोन त्याने उचलला की पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला, "दादा आहेत का?" तो म्हणायचा, "मी आहे ना, बोला." आणि पलीकडून, "नाही, दादांशीच बोलतो." हे वर्षानुवर्षं. एखाद्या दगडावर थेंब पडावा तसं. मी ते आवाज ऐकत होतो. धाकट्याचं "देतो हं" दरवेळी थोडं थोडं थंड होत चाललं होतं.

आता धंद्यातली एक खुबी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जिन्याच्या कठड्याला, दुकानाच्या दर्शनी भागाला जी काच लावतात ती साधी नसते. आधी मापाला कापायची, भोकं पाडायची, मग भट्टीत तापवून टणक करायची. एकदा भट्टीतून बाहेर आली की ती सूतभरही कापता येत नाही. कटर लावलात की काच राहत नाही, खडीसाखर होते. म्हणून माप चुकलं तर सगळी काच भंगारात. माफी नाही.

आणि मापं यायची मेलवर. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एक बाई होत्या, मोठं गिऱ्हाईक. त्यांची खोड अशी, की नकाशात कितीही बदल केला तरी फाइलचं नाव बदलायच्या नाहीत. 'जिना' पाठवायच्या, मग सुधारून पुन्हा 'जिना', मग पुन्हा 'जिना'. माझ्याकडे एकाच नावाची दुसरी फाइल आली की हमाल तिच्या नावापुढे कंसात एक लिहितो, तिसरी आली की कंसात दोन. थोरल्यांनी हे स्वतःच ओळखलं होतं आणि स्वतःपुरता नियम केला होता: कंसातला आकडा सगळ्यात मोठा, तीच ताजी फाइल. मेल उघडायचा, फाइल उतरवायचा बाण दाबायचा, ब्राउझर बंद करायचा, मग मला उघडायचं, मोठा आकडा शोधायचा, छापायचं, काप्याच्या हातात द्यायचं. कधी चूक झाली नाही. तारीख बघायची त्यांना गरजच पडली नाही.

हा नियम दुकानात आणखी एकालाच ठाऊक होता. थोरल्यांनीच कौतुकाने शिकवला होता. "बघ धाकट्या, सोपं आहे. मोठा आकडा घ्यायचा."

एक दिवस थोरले मालाची गाडी उतरवून घ्यायला बाहेर गेले होते. धाकटा खुर्चीत बसला. सेटिंग्ज उघडल्या, डाउनलोड्सवर गेला, 'जागा बदला' दाबलं. कॉम्प्युटरच्या अगदी तळघरात 'जुनी बिलं' नावाचं एक फोल्डर केलं आणि हमालाला सांगितलं, यापुढे ओझं तिथे टाकायचं. दरवेळी विचारायचं बटण बंद आहे ना, तेही पाहून घेतलं. सगळं मिळून एक पान खाऊन थुंकायला लागतो तेवढाच वेळ. मग खुर्ची होती तशी सरकवली आणि बाहेर जाऊन म्हणाला, "दादा, तू कशाला उचलतोस? सरक, मी घेतो."

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, म्हणतात. इथे दळणारा आंधळा नव्हता. त्याचं पीठ दुसऱ्याच डब्यात पडत होतं.

बाईंचा नवा 'जिना' आला. थोरल्यांनी बाण दाबला. हमाल ओझं घेऊन माझ्या दारावरून पुढे निघून गेला, तळघरात. थोरल्यांनी मला उघडलं. माझ्याकडे 'जिना' होता, कंसात एक होता, कंसात दोन होता. त्यांनी मोठा आकडा उचलला. म्हणजे कंसात दोन. म्हणजे मागच्या आठवड्यातला.

मी ओरडलो असतो हो. पण फोल्डरला तोंड नसतं, नुसतं पोट असतं.

काचा कापल्या, भट्टीतून आल्या, जिन्यावर चढल्या आणि एकही बसेना. बाईंचा फोन आला. "दादा, मी रुंदी कमी केली होती ना? नवीन फाइल पाठवली होती!"

"नाही हो, माझ्याकडे कंसात दोनच्या पुढे काही आलंच नाही."

"तुम्ही 'मिळाली' म्हणून उत्तर दिलंय दादा. माझ्यासमोर आहे."

उत्तर खरंच दिलं होतं, बाण दाबल्या दाबल्या, थोरल्यांनीच. थोरले खुर्चीत मागे टेकले. धाकटा पुढे आला. मधल्या वेळात त्याने तळघरातून ती फाइल उचलून, नावापुढे कंसात तीन लिहून, गुपचूप माझ्याकडे आणून ठेवली होती. त्याने मला उघडलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "हे काय दादा, ही इथेच आहे की. कंसात तीन. तुझ्याच नियमाने."

थोरले स्क्रीनच्या इतके जवळ आले की त्यांचा श्वास काचेवर उमटला. "मघाशी नव्हती रे."

"असेल असेल. होतं असं. वय झालं की होतं." मग काप्याकडे वळून, "कोणाला बोलू नकोस रे. आपले दादा आहेत."

न बोलण्याची अशी ताकीद दिली की बातमी वाऱ्याआधी पोचते. संध्याकाळपर्यंत समोरच्या सुताराला माहीत झालं होतं.

पुढच्या खेपेला एका दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्याचं दार. तोच प्रकार: बाकीच्या फाइली धाकटा वेळेवर माझ्याकडे आणून ठेवायचा, अडवायचा ती फक्त शेवटची. मग एका कपड्यांच्या दुकानाची दर्शनी काच, माणसाहून उंच. ती भंगाराच्या टेम्पोत फोडून भरताना थोरले तिथे उभे होते. काप्याने हातोडी एका कोपऱ्याला लावली आणि सगळी काच एकदम खाली ओतली गेली. धाकटा म्हणाला, "दादा, तू आत जा. बघू नकोस." प्रेमानेच म्हणाला. मारणारा हात पाठीवरून फिरत असेल तर माणसाला मार कुठून येतो तेच कळत नाही.

मग थोरले घाबरले, आणि इथे खरी मजा झाली. मजा म्हणजे कोणाची, ते तुम्ही ठरवा. ते प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायला लागले. "काप्या, एकशेदहा म्हणालो ना मी?" "होय दादा." "एकशेदहाच ना?" विसरू नये म्हणून दोनदा विचारायचे, आणि दोनदा विचारतात म्हणून विसरतात असं ठरलं. काप्या आधी कळवळ्याने उत्तर द्यायचा, मग कंटाळून, मग टेप्याला डोळा मारून. टेप्या म्हणजे गाडीवाला. दोघं मिळून एक खेळ करायला लागले. दादा गेले की एकजण विचारायचा, "मी जेवलो ना रे?" दुसरा म्हणायचा, "जेवलात दादा, पण पुन्हा जेवा." ज्या माणसाने काप्याला कटर धरायला शिकवलं, त्याच्यावर हे हसणं. घर फिरलं की वासेही फिरतात, ते काही उगाच नाही म्हणत.

थोरल्यांना एकदा तरी वाटायला हवं होतं, की बाण दाबल्यावर त्याच्या शेजारचं 'फोल्डरमध्ये दाखवा' दाबावं. एवढंच. एक बोट. तळघराचा दिवा तिथेच लागला असता. पण ज्याला आपल्या डोक्याचाच संशय येतो, तो दुसरीकडे शोधत नाही. घरात साप आहे म्हटल्यावर तो स्वतःलाच धोपटत बसतो.

शेवटी एका सकाळी धाकट्याने वहिनींना, म्हणजे थोरल्यांच्या बायकोला, दुकानात बोलावलं. सगळ्यांसमोर बोलला. डोळ्यांत पाणी होतं. पाणी खरं होतं. मी म्हणेन की जिंकणाऱ्यालाही रडू येतं.

"वहिनी, मला सांगवत नाही. पण आता दादाने आराम करावा. मी आहे ना. फक्त पुढे बसावं, आरसे दाखवावेत, लोकांशी बोलावं."

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, घरी तर हे काहीच विसरत नाहीत. परवा माझ्या मावशीच्या नणंदेचं नाव मला आठवेना, ते यांनी सांगितलं."

"जुनं आठवतं वहिनी. नवं पुसलं जातं. असंच असतं ते."

थोरल्यांनी खिशातला टेप काढून टेबलावर ठेवला. धाकट्याने तो उचलला आणि आपल्या पट्ट्याला अडकवला. माझ्यासमोर. टक् असा आवाज झाला. तेव्हापासून थोरले दाराशी स्टुलावर, हातात फडकं, समोर भिंतभर आरसे.

वहिनी मात्र गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी थोरल्यांना मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या. अहवाल मेलवर येणार होता. घरात छापायची सोय नव्हती, म्हणून एका दुपारी त्या दुकानात आल्या. धाकटा माप घ्यायला बाहेर गेला होता. त्या माझ्यासमोर बसल्या, मेल उघडला, बाण दाबला. मला उघडून पाहिलं. अहवाल नाही.

आता वहिनींचा स्वभाव बघा. थोरले म्हणाले असते, माझंच चुकलं. वहिनी म्हणाल्या, "मेल्या, गिळलास कुठे?" आणि बाणाशेजारचं 'फोल्डरमध्ये दाखवा' दाबलं.

'जुनी बिलं' उघडलं. त्यात एकही बिल नव्हतं. सगळ्यात वर अहवाल होता आणि त्याखाली ओळीने नकाशे, अगदी या आठवड्यातलेही. जिना, दवाखान्याचं दार आणि ती दर्शनी काच, हे तीन नकाशे तेवढे तिथे नव्हते. ते माझ्याकडे होते, धाकट्याने नावं बदलून आणून ठेवलेले. वहिनींनी आधी अहवाल वाचला. ओठ हलवत, बोट ठेवून. 'स्मरणशक्ती वयाच्या मानाने उत्तम.' मग त्यांनी सेटिंग्ज उघडल्या. फाइली कुठे ठेवायच्या, त्या जागेवर नजर पडली, आणि त्या उठून दाराशी गेल्या.

"अहो, इकडे या. आत्ता या."

थोरले फडकं घेऊनच आले. वहिनींनी सगळं दाखवलं. "हे बघा. तुम्ही दाबायचा आणि हे इकडे पडायचं. तुमच्याकडे आलंच नाही कधी! तुम्हाला दिसणार कुठून? आणि हा अहवाल वाचा, काही झालेलं नाही तुम्हाला!"

थोरले बघत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. हळूहळू काहीतरी वर येत होतं. जुना माणूस. पाठ सरळ झाली. ते म्हणाले, "म्हणजे... तेव्हा फाइल नव्हतीच इथे."

"नव्हतीच!"

तेवढ्यात धाकटा आत आला. पट्ट्याला टेप. स्क्रीन पाहिली. त्याचा चेहरा तसूभरही हलला नाही. असा माणूस धंद्यात फार पुढे जातो.

"हे होय? वहिनी, दादानेच सांगितलं होतं मला जागा बदलायला. 'तिकडे गर्दी झालीय, नव्या फाइली वेगळ्या ठेव' म्हणाला. मीच बदलून दिली त्याच्यासमोर." मग थोरल्यांकडे वळला, अगदी काळजीने. "दादा, आठवत नाही का तुला?"

"खोटं!" वहिनी म्हणाल्या. "अहो, सांगा त्यांना. सांगा ना, खोटं आहे म्हणून!"

काप्या कटर हातात धरून उभा होता. टेप्या दारात. थोरल्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग भावाकडे. हाच तो प्रश्न, जो मी तुम्हाला आल्या आल्या विचारला. आपलं माणूस की आपलं डोकं? कितीतरी दिवस त्या डोक्याला सगळ्यांनी मिळून कुचकामी ठरवलं होतं. आता ऐन वेळेला ते साक्षीला उभं राहीना.

"असेल," थोरले म्हणाले. "सांगितलं असेन मी."

पाठ पुन्हा वाकली. फडकं घेऊन ते दाराशी गेले. वहिनींनी अहवाल छापला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला. जाताना धाकट्यासमोर थांबल्या. "भाऊजी, तुम्ही फार हुशार आहात. तुमच्या पोरांनाही अशीच हुशारी येवो." त्यानंतर त्या दुकानात आल्या नाहीत.

त्याच दिवशी धाकट्याने तळघर रिकामं केलं आणि हमालाला पुन्हा माझा पत्ता दिला. आता सगळं माझ्याकडे येतं. एकही फाइल चुकत नाही, एकही काच भंगारात जात नाही. नकाशेवाल्या बाई परवा म्हणाल्या, "तुम्ही दुकान सावरलंत हो." फोन वाजतो, धाकटा उचलतो, आणि पलीकडून कोणी दादा आहेत का विचारत नाही.

मला लवकरच पुसणार आहेत. नवा कॉम्प्युटर येतोय. माझ्यातल्या त्या तीन फाइली, त्यांच्या कंसातले आकडे, त्यांच्या तारखा, सगळं जाईल. जाताना वाईट वाटत नाही. फोल्डरला कसलं वाईट. पण कालचं एक सांगून जातो. एक गिऱ्हाईक आलं, भिंतीवरच्या आरशाकडे बोट करून थोरल्यांना म्हणालं, "याची रुंदी किती असेल हो?" थोरल्यांनी वर पाहिलं. त्यांच्या ओठांवर आकडा आला. बरोबर आकडा होता, मी हा आरसा आलेला पाहिलाय. मग त्यांनी तोंड मिटलं आणि म्हणाले, "आत विचारा. मला काही सांगता येत नाही."

काप्याने ते ऐकलं आणि तो हसला.

तुमचा वेळ घेतला, राग मानू नका. निघताना एवढंच मागतो. आज घरी गेलात की ब्राउझरला एकदा विचारा, माझा माल कुठे टाकतोस? आणि दरवेळी विचारायचं ते बटण चालू करून ठेवा. हमालाचा प्रश्न परवडतो. पण त्याहून मोठं मागणं हे. कोणी चुकलं असं जग म्हणेल, तेव्हा ती चूक त्याच्या नावावर मांडण्याआधी बघा, माल त्याच्यापर्यंत पोचला होता का. आणि पोचू दिला नसेल तुम्हीच, तर आपल्या बाजूला तेही मांडा. हिशेब प्रामाणिक ठेवा हो. आमच्या दुकानात सगळा हिशेब एकाच माणसाच्या नावावर मांडला गेला, आणि त्या माणसाने त्यावर सही केली.